लेट्रोझोल चालू असताना वापरलेलं मॉइश्चरायझर, ल्युब, डायलेटर आणि पेल्विक फिजिओ: दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला दीड वर्ष थांबले कारण आठ-दहा दिवसांत या गोष्टींबद्दल काहीच सांगता येत नाही. मी शोधत होते तेव्हा जे रिव्ह्यू सापडले ते एकतर वयानुसार पाळी गेलेल्या पण बाकी धडधाकट बायकांचे होते नाहीतर नुसतं 'छान आहे, वेळेत मिळालं' एवढंच. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट घेतलेल्या बाईला यातलं काय चालतं, काय झोंबतं, फरक पडायला किती दिवस लागतात हे एका जागी कुठेच मिळालं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाहीये, प्रत्येक ठिकाणी वेगळे ब्रँड मिळतात, त्यापेक्षा पाकिटाच्या मागे काय वाचायचं ते कळलं तर जास्त कामाला येईल.

आधी माझं थोडक्यात सांगते म्हणजे तुमच्याशी कितपत जुळतं ते बघता येईल. गाठ कळली तेव्हा वय ४३. डावा स्तन पूर्ण काढला, किमोच्या ८ सायकल, मग रेडिएशन. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी होती म्हणून रोज लेट्रोझोलची गोळी आणि दर २८ दिवसांनी पोटात इंजेक्शन, अंडाशयांचं काम बंद ठेवायला. हे दोन्ही मिळून शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, जवळजवळ शून्यावर जातं. एरवी बाईची पाळी जाते तेव्हा हे हळूहळू काही वर्षांत होतं, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, आम्हाला तो मिळतच नाही, आज पाळी आहे आणि थोड्याच दिवसांत सगळं सुकलं असं होतं. टॅमॉक्सिफेनवाल्यांचं थोडं वेगळं असतं, ती गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते पण सगळीकडे तशीच वागत नाही, त्यामुळे काहींना उलट पांढरं जातं. कोरडेपणा आणि दुखणं जास्त करून लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गटात, म्हणजे अ‍ॅरोमाटेज इनहिबिटरवर असलेल्यांना होतं. तुम्ही कुठल्या गोळीवर आहात ते आधी बघा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

रेडिएशन संपून चार महिने झाल्यावर आम्ही पहिल्यांदा प्रयत्न केला. पॉलिश पेपर घासल्यासारखं झालं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. नवरा लगेच थांबला. मी सॉरी म्हटलं, तो पण सॉरी म्हणाला आणि दोघंही छताकडे बघत पडून राहिलो. त्यानंतर सात महिने काही नाही. पण खरं नुकसान संबंध बंद झाल्याचं नव्हतं हे मला नंतर कळलं. तो मागून येऊन नुसता खांद्यावर हात ठेवायचा तरी माझं अंग ताठ व्हायचं, कारण डोक्यात लगेच यायचं की हे पुढे तिथेच जाणार आणि परत दुखणार. मग मी खांदा पण द्यायचं बंद केलं. जवळ बसणं बंद, पाठ चोळणं बंद, झोपताना मध्ये उशी. ती उशी खरं तर हाताला आधार म्हणून आली होती, काखेतल्या गाठी काढल्यात माझ्या, पण नंतर ती हातासाठी राहिली नाही.

फॉलोअपला मी धीर करून सांगितलं की खाली खूप कोरडं आहे, दुखतं. उत्तर आलं की असं होतं यात, आधी तब्येत सांभाळा, रिपोर्ट चांगले आहेत ना. रिपोर्ट चांगले होते. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मला वाटलं की मी काहीतरी हावरट मागणी केली. हे लिहिताना पण राग येतो कारण तिथे दोन मिनिटांत सांगता आलं असतं की बाई, याला उपाय आहेत, हार्मोन नसलेले आहेत, अमुक घ्या आणि अमुक घेऊ नका. पुढे हाताच्या सुजेसाठी दुसरीकडे फिजिओला जायला लागले तेव्हा तिथल्या ताईंनी हाताला बँडेज गुंडाळता गुंडाळता साध्या आवाजात विचारलं, "घरी जवळ येता का दोघं? दुखतं का?" मी तिथेच रडले. त्यांनीच मला पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या त्यांच्या सहकारी मॅडमकडे पाठवलं आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

मॉइश्चरायझर. सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की मॉइश्चरायझर आणि ल्युब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला माहीत नव्हतं, मी सहा महिने ल्युबलाच औषध समजत होते. ल्युब म्हणजे त्या वेळेपुरतं घर्षण कमी करायला. मॉइश्चरायझर म्हणजे चेहऱ्याला क्रीम लावतो तसं, संबंध असो नसो, नेमाने लावायचं, म्हणजे आतली त्वचा पाणी धरून ठेवते. हे नुसतं सेक्ससाठी पण नाही. मला चालताना, जास्त वेळ बसल्यावर, घट्ट कपडे घातल्यावर पण चुणचुणायचं, आणि लघवीचं इन्फेक्शन दोनदा झालं होतं. त्याचं कारण मॅडमनी समजावलं, इस्ट्रोजेन असतं तेव्हा योनीच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं, त्यावर चांगले जंतू जगतात आणि ते आम्लता टिकवतात, पीएच ३.५ ते ४.५ च्या आसपास. इस्ट्रोजेन गेलं की पीएच ५ च्या वर जातो, चांगले जंतू कमी होतात, नको ते वाढतात. योनी आणि मूत्रमार्ग दोन्हीकडे हे होतं म्हणून २०१४ मध्ये डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. त्याआधीचं नाव नुसतं 'योनी सुकणे' अशा अर्थाचं होतं. नावाने दुखणं कमी होत नाही पण मला हे ऐकून बरं वाटलं की ही माझ्या मनातली गोष्ट नाही, याला नाव आहे.

मी घेतलं ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल, हार्मोन अजिबात नाही. पाकिटावर लिहिलेलं की आठवड्यातून दोनदा. मॅडम म्हणाल्या आपल्यासारख्यांना दोनदा पुरत नाही, ३ ते ५ वेळा लागतं, आणि ते खरंच निघालं. पहिले दोन आठवडे रोज लावलं, झोपायच्या आधी, मग दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात चुणचुण थांबली. पण संबंधाच्या वेळच्या दुखण्यात फरक म्हणाल तर पूर्ण दोन-अडीच महिने गेले. मध्येच वाटलं होतं सोडून द्यावं. सोडू नका, निदान तीन महिने द्या.

एक गोष्ट पाकिटावर नव्हतीच. फक्त आत लावून भागत नाही. योनीच्या तोंडाशी, लघवीच्या जागेच्या खाली जो नाजूक भाग आहे, जास्तीत जास्त दुखणं तिथेच असतं. तिथे आणि बाहेरच्या पाकळ्यांना बोटाने हलकं लावायचं. मी दीड महिना फक्त आत सोडत होते आणि फरक का पडत नाही म्हणून वैतागले होते.

तक्रारी आहेत. अ‍ॅप्लिकेटर कडक प्लॅस्टिकचा, टोकाची कड टोचते, ज्या बाईला बोट लागलं तरी दुखतं तिच्यासाठी असा अ‍ॅप्लिकेटर कोण बनवतं कळत नाही. मी टोकाला आधी थोडं जेल लावते मग घालते, आणि जास्त दुखत असेल त्या दिवशी सरळ बोट वापरते. थोडं जेल अ‍ॅप्लिकेटरमध्येच राहतं, वाया जातं. सकाळी उठल्यावर थोडं बाहेर येतं, साधा बिनवासाचा पॅन्टी लायनर ठेवा, वासाचा नको. आणि आतल्या कागदावर एवढंच लिहिलेलं की 'कॅन्सर असल्यास डॉक्टरांना विचारा'. हे वाचून कितीतरी बायका घाबरून ट्यूब ठेवून देत असतील. यात हार्मोन नाही एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे? जेलला माझे ५ पैकी ४, कागदाला शून्य.

ल्युब. इथे माझी पहिली खरेदी पूर्ण चुकली. मी सुगंधी आणि 'वॉर्मिंग' लिहिलेलं घेतलं, वाटलं गरम वाटेल तर बरंच. आग आग झाली, रात्री बारा वाजता थंड पाण्याने धूत बसले होते आणि नवरा बाहेरून दार वाजवत होता की ठीक आहेस ना. मग कळलं की बऱ्याच ल्युबमध्ये ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असतं, त्याने ते जेल इतकं दाट होतं की पेशींमधलंच पाणी बाहेर ओढून घेतं. म्हणजे ओलाव्यासाठी लावायचं आणि अजून सुकायचं. याचं माप आहे, ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितलंय की ल्युबची ऑस्मोलॅलिटी ३८० च्या खाली असेल तर उत्तम, आणि १२०० च्या वर तर जाऊच नये, आणि पीएच ४.५ च्या आसपास असावा. सगळ्या पाकिटांवर हा आकडा नसतो, काहींवर असतो. नसेल तर घटकांच्या यादीत ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल पहिल्या दोन-तीन नावांत आहे का बघा, असेल तर ठेवून द्या. वास, रंग, चव, गरम, थंड, मुंग्या येणारं, असलं काहीही आपल्याला नको.

मग दोन घेतले, एक पाण्याचा बेस असलेला आणि एक सिलिकॉनचा. पाण्याचा लगेच सुकतो, मध्ये थांबून परत लावावा लागतो, पण धुवायला सोपा. सिलिकॉनचा खूप टिकतो, आमच्यासाठी फरक सिलिकॉननेच पडला हे स्पष्ट सांगते, पण चादरीला डाग राहतो आणि बाथरूमच्या फरशीवर दोन थेंब पडले तर पाय सरकतो, किमोनंतर आणि या गोळ्यांवर हाडं आधीच नाजूक झालेली असतात तेव्हा खरंच जपा. सिलिकॉनचा डायलेटर (योनी हळूहळू सैल करायला आत ठेवायची नळकांडी, पुढे लिहिलंय) असेल तर त्यावर सिलिकॉनचं ल्युब लावू नका, पृष्ठभाग खराब होतो, तिथे पाण्याचं वापरायचं. आणि घरातलं तेल लावत असाल तर कंडोमबरोबर नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

कंडोमवरून आठवलं, हे कोणी सांगत नाही. किमो चालू असताना जवळीक होत असेल तर डोसनंतर निदान दोन-तीन दिवस कंडोम वापरायला सांगतात कारण औषधाचा अंश स्रावात येऊ शकतो. आणि टॅमॉक्सिफेनवर पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं अजिबात नाही. ती गोळी म्हणजे गर्भनिरोधक नाही आणि त्यात दिवस राहिले तर बाळाला धोका असतो. गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, कंडोम किंवा कॉपर-टी याबद्दल डॉक्टरांशी बोला.

लिडोकेन. मॉइश्चरायझर नीट चालू झाल्यावरही योनीच्या तोंडाशी एक ठिणगी पडल्यासारखं दुखणं राहिलं होतं. गायनॅकने ४ टक्के लिडोकेनचं (बधीर करणारं औषध) द्रावण लिहून दिलं, कापसाच्या बोळ्यावर घेऊन त्या तोंडाच्या भागावर ३ मिनिटं धरायचं, मग पुसून ल्युब लावायचं. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांवरच याची चाचणी झालीये, २०१५ मध्ये ती छापून आली, आणि बहुतेकींचं दुखणं खूप कमी झालं होतं. पहिल्यांदा लावल्यावर दहा-पंधरा सेकंद झोंबतं मग बधीर होतं. नवऱ्याला बधीर वाटेल अशी भीती होती, तसं काही झालं नाही. ही तीन मिनिटं बाथरूममध्ये एकटीने घालवायची की खोलीत, यावर पण आम्ही बोललो. मी आधी एकटी जायचे, परत येईपर्यंत तो घाबरलेला असायचा. आता खोलीतच, तो घड्याळ बघतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, क्रीम स्वरूपातलं काही काही जळजळतं.

आता पेल्विक फिजिओ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडला. मी तोपर्यंत व्हिडिओ बघून रोज केगल करत होते, आवळा-सोडा, आवळा-सोडा, मनात असं की खालचे स्नायू ढिले पडलेत म्हणून हे होतंय. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "ढिले कुठे, दगडासारखे झालेत." दुखेल या भीतीने स्नायू आपोआप आवळतात, आवळले की अजून दुखतं, अजून दुखलं की पुढच्या वेळी आधीच आवळतात. आणि मी वर केगल करून ते अजून आवळत होते. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला कळकळीने सांगते, दुखत असेल तर कोणी तपासल्याशिवाय केगल करत बसू नका. आपल्याला सोडायला शिकायचं असतं.

तपासणी कशी असते ही भीती असते म्हणून सांगते. एक हातमोजा घातलेलं बोट, भरपूर ल्युब, आणि दर वेळी आधी विचारायच्या, "आता पुढे जाऊ का?" मी नाही म्हटलं तर थांबायच्या. पहिल्या दिवशी मी तीनदा नाही म्हटलं आणि त्या तीनदा थांबल्या. ट्रीटमेंटच्या वर्षभरात माझ्या अंगाला इतक्या लोकांनी हात लावला होता, सुया, ड्रेन, मशीनखाली हात वर करून तासन्‌तास, आणि कुठेच माझ्या नाही म्हणण्याने काही थांबणार नव्हतं, थांबून चालणारही नव्हतं. इथे थांबलं. मला वाटतं निम्मे स्नायू त्यानेच सैल झाले.

डायलेटर सेट मऊ सिलिकॉनचा घेतला, पाच साइजचा, कडक प्लॅस्टिकचा घेऊ नका. सगळ्यात लहान करंगळीएवढा. आठवड्यातून तीन-चार वेळा, १० मिनिटं, श्वास सोडताना खालचं सैल सोडायचं आणि त्या श्वासावर आत. ढकलायचं नाही, घालून फक्त पडून राहायचं, मी तेव्हा काहीतरी ऐकत असायचे. थोडा ताण वाटला तर चालतं, दुखलं तर एक साइज मागे. पहिल्यापासून दुसऱ्यावर जायला मला पाच आठवडे लागले. सुरुवातीला खूप एकटं वाटतं हे करताना, दार लावून, कोणाला न सांगता. नंतर त्याला सांगितलं, तर म्हणाला मी बाजूला नुसता बसू का. बसायचा. काही बोलायचा नाही.

काउन्सेलिंगची सहा सेशन ऑनलाइन घेतली, दोघांनी मिळून. सर्व्हिस म्हणून बघितलं तर चांगली होती, तक्रार एवढीच की आधी भरायच्या फॉर्ममध्ये सगळे प्रश्न नवरा-बायको धरूनच होते. एकटी असलेली, घटस्फोट झालेली, नवीन कोणाला भेटणारी, बाईवर प्रेम करणारी बाई, या सगळ्यांना पण स्तन असतात आणि कॅन्सर पण होतो. आणि जिला कोणीच जोडीदार नको तिलाही कोरडेपणाचं दुखणं असतंच, पॅप स्मियर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) करताना तर जीव जातो.

काउन्सेलरनी पहिल्या सेशनलाच सांगितलं की पुढचे काही आठवडे संबंध पूर्ण बंद. मला इतकं हलकं वाटलं. आठवड्यातून दोनदा २० मिनिटं, एकाने दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा, छाती आणि खालचा भाग सोडून, आणि बाकी काही साधायचं नाही, फक्त कसं वाटतंय ते लक्षात घ्यायचं. याला सेन्सेट फोकस म्हणतात, मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० च्या सुमारास मांडलेली पद्धत आहे, जुनी आहे पण अजून वापरतात. माझ्यासाठी तिचा उपयोग हा झाला की खांद्यावरचा हात परत नुसता खांद्यावरचा हात झाला. तो पुढे कुठेच जाणार नव्हता हे ठरलेलं होतं ना.

दुसऱ्या सेशनमध्ये नवरा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "हात लावला तर तुला दुखेल असं वाटायचं, आणि विचारलं तर तुला वाटेल की याला तेवढंच पाहिजे." सात महिने तो पलंगाच्या कडेला झोपत होता आणि मी समजत होते की त्याला माझी छाती बघवत नाही. मी माझं समजत बसले, तो त्याचं. हे एक वाक्य घरात आम्ही कधीच बोलू शकलो नसतो.

चौथ्या सेशननंतर छातीची बारी आली. मी तोपर्यंत त्याच्यासमोर कपडे बदलत नव्हते. त्या दिवशी पॅसेजमधला दिवा चालू ठेवला, खोलीतला बंद, म्हणजे दिसेल पण उजेड अंगावर येणार नाही. त्याने एक बोट गळ्याच्या हाडापासून खाली आणायला सुरुवात केली आणि दर बोटभर विचारत गेला, "इथे कळतंय? इथे?" हाडाखाली तीन बोटं कळत होतं, मग अर्धवट, मग काहीच नाही, टाक्यावर तर लाकूड, आणि काखेच्या बाजूला एकदम झिणझिण्या. आम्हाला दोघांनाही सीमा माहीत झाली. आता त्याचा हात तिथे आला की तो कुठल्या बाजूला आहे हे त्याला ठाऊक असतं. स्तन काढताना नसा कापल्या जातात, रिकन्स्ट्रक्शन केलं, म्हणजे स्तन परत बनवला तरी बहुतेक वेळा तो भाग बधिरच राहतो, दिसायला छान दिसतो पण जाणवत नाही. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं.

उजव्या बाजूचं मात्र अजून अवघड आहे. तिथे कोणी हात लावला की मला तपासणी आठवते, गाठ तर नाही ना हेच डोक्यात. मी सांगून टाकलं की तिथे सध्या नको. ठीक आहे म्हणाला. प्रश्न सुटलेला नाही, पण तो आहे हे दोघांना माहीत आहे.

इच्छेबद्दल पण लिहायला पाहिजे कारण सगळ्या आधी हेच विचारतात की इच्छाच होत नाही तर काय करू. मी पण तेच विचारलं होतं. काउन्सेलर म्हणाल्या आधी इच्छा आणि मग जवळीक असाच क्रम सगळ्यांचा नसतो, खूप बायकांना आधी जवळीक, मग शरीर जागं होतं आणि मग इच्छा येते. रोझमेरी बॅसन नावाच्या डॉक्टरांनी २००० साली हे मांडलंय. पण माझा अनुभव याच्याही एक पाऊल मागे आहे. जोपर्यंत दुखत होतं तोपर्यंत इच्छा येणं शक्यच नव्हतं, शरीर शहाणं असतं, चटका बसतो तिथे ते परत जायला बघत नाही. आधी दुखणं मिटवा. इच्छेच्या मागे नंतर लागा, किंवा लागूही नका, माझी तर दुखणं गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी आपली आपण आली. पहिल्यासारखी नाही, वेगळी, हळू. आणि गोळ्या पण तपासून घ्या, डिप्रेशन किंवा हॉट फ्लॅशेससाठी दिलेल्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते. टॅमॉक्सिफेनवर असाल तर पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन्ही टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात, दुसरे पर्याय आहेत, स्वतःहून बंद करू नका पण डॉक्टरांना विचारा.

योनीत ठेवायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या किंवा क्रीम मी घेतलं नाही. आधी बिनहार्मोनचे उपाय करून बघायचे आणि नाहीच भागलं तर कमी डोसचं इस्ट्रोजेन, ते पण ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच, असा साधारण सल्ला आहे. डेन्मार्कमधल्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात योनीतल्या इस्ट्रोजेनने एकूण बायकांमध्ये कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलं नव्हतं, पण माझ्यासारख्या अ‍ॅरोमाटेज इनहिबिटरवाल्यांमध्ये वाढलेलं दिसलं, मृत्यू मात्र वाढले नव्हते. माझ्या डॉक्टरांनी आणि मी मिळून नको ठरवलं. दुसरीचं उत्तर वेगळं असू शकतं, टॅमॉक्सिफेनवर असेल तर अजूनच वेगळं. योनीच्या लेझर ट्रीटमेंटची जाहिरात मला खूप दिसायची, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय की यासाठी ते सुरक्षित किंवा उपयोगी असल्याचं सिद्ध नाही, भाजल्याच्या तक्रारी आहेत. मी तिकडे गेले नाही.

हाताबद्दल एक बारीक गोष्ट. ज्या बाजूच्या गाठी काढल्यात त्या हातावर भार देऊ नका आणि त्या कुशीवर जास्त वेळ नको. आम्हाला कुशीवर, म्हणजे चांगल्या बाजूच्या कुशीवर, मागून, हे सगळ्यात सोपं पडतं, छातीवर वजन येत नाही आणि रेडिएशनची कातडी ओढली जात नाही. मधली उशी आता परत हाताखाली असते.

संबंधानंतर रक्त दिसलं तर, आणि टॅमॉक्सिफेनवर असाल तर कधीही रक्त दिसलं तर, कोरडेपणाचं असेल म्हणून घरी बसू नका, त्या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, दाखवून या. आणि नवऱ्याच्या मनात असेल तर त्यालाही सांगा, जवळ आल्याने कॅन्सर लागत नाही आणि संबंधाने परतही येत नाही. माझ्या नवऱ्याने हे कधी विचारलं नाही, पण काउन्सेलरनी आपणहून सांगितलं तेव्हा त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

आज काय चालू आहे तर मॉइश्चरायझर आठवड्यातून चार वेळा, सिलिकॉन ल्युब प्रत्येक वेळी, लिडोकेन आता क्वचित. फिजिओ संपलं, लागलं तर परत जाईन. डायलेटर पंधरा दिवसांतून एकदा, मध्ये जास्त गॅप पडला तर. तिसऱ्या आणि चौथ्या साइजवर भागलं. पाचवा अजून त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, मॅडमना मी विचारलं होतं की तो पण पूर्ण करायचा का, तर म्हणाल्या, "दुखत नाही ना आता? मग कशाला?"